मान्य उत्तर

गेल्या वर्षीं एका संस्थेनें भरविलेल्या ऑनलाइन प्रश्नमंजूषेचे प्रश्न काढून देण्याचें काम आमच्याकडे आलें. महाविद्यालयांत शिकवूं लागल्यास आम्हांस आतां पुष्कळ वर्षें झालीं. प्रश्नपत्रिका काढण्याचा हाताला इतका सराव झाला आहे कीं तें काम आहे असेंहि कधीं वाटत नाहीं. एका दुपारीं बसून आम्हीं पन्नास प्रश्न लिहिले, प्रत्येकाखालीं चार पर्याय घातले, बरोबर पर्याय समासांत नोंदविला आणि कागद रवाना केले. त्यांतील एक प्रश्न असा होता: पुणें जिल्ह्यांतील पारगांव हें गांव कोणत्या तालुक्यांत आहे? पर्याय होते जुन्नर, आंबेगांव, दौंड आणि मुळशी. समासांत आम्हीं 'आंबेगांव' लिहिलें होतें. पारगांव म्हटलें कीं दत्तात्रयनगरचा भीमाशंकर साखर कारखाना आमच्या डोळ्यांपुढें उभा राहतो, आणि तो आंबेगांव तालुक्यांत आहे याविषयीं कोणाचा वाद नाहीं.

निकाल लागल्यावर तिसऱ्या दिवशीं एका मुलीचें पत्र संस्थेमार्फत आमच्याकडे आलें. ती पारगांवचीच राहणारी. पण तिचें पारगांव जुन्नर तालुक्यांतील. तिनें अर्थातच 'जुन्नर' हा पर्याय निवडला होता, यंत्रानें तो चूक ठरविला होता आणि एका गुणानें तिचा पहिला क्रमांक गेला होता. आपण ज्या गांवांत राहतों तें कोठें आहे हें आपणांस ठाऊक नाहीं असें परीक्षकांचें म्हणणें आहे काय, इतकेंच तिनें विचारलें होतें. आम्हीं तिला जें उत्तर धाडलें तें येथें लिहितांना संकोच वाटतो. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील असें नियमांत नमूद आहे, असें आम्हीं कळविलें. दुसऱ्याच दिवशीं तिच्याकडून सातबाऱ्याच्या उताऱ्याचें छायाचित्र आलें. सोबत पत्र नव्हतें. उताऱ्याच्या डोक्यावर गांवाचें नांव होतें 'पारगांव तर्फे आळे', तालुका जुन्नर, जिल्हा पुणें.

मग आम्हीं चौकशी केली. ती प्रश्न काढण्यापूर्वीं करावयास हवी होती. आंबेगांव तालुक्यांतील आमचें कारखान्याचें पारगांव महसुली दप्तरांत 'पारगांव तर्फे अवसरी बुद्रुक' आहे. दौंड तालुक्यांत एक पारगांव आहे. पुरंदरांत पारगांव मेमाणे आहे. तें पर्यायांत नव्हतें एवढेंच आमचें नशीब. म्हणजे चार पर्यायांपैकीं तीन निर्विवाद बरोबर होते, आणि मुळशीची चौकशी करण्याचें धैर्य आम्हांस अद्याप झालेलें नाहीं.

तर्फ हा जुन्या महसुली व्यवस्थेंतील परगण्याचा पोटभाग. एका नांवाचीं दोन गांवें निघालीं कीं सारा भलत्याच्या नांवावर चढावयाचा, म्हणून दप्तरदारांनीं गांवाच्या पाठीमागें त्याची तर्फ लावून ठेवली. बुद्रुक आणि खुर्द हीं विशेषणेंहि त्याच सोयीचीं. तर्फा गेल्या, त्यांचा कारभार पाहणारे गेले, पण ती खूण सातबाऱ्यावर अजून टिकून आहे. नुसतें नांव म्हणजे पत्ता नव्हे, हें जें गांवच्या कुळकर्ण्याला समजत होतें तें आम्हांस समजलें नाहीं.

या अनुभवामुळें प्रश्नमंजूषा या वाङ्मयप्रकाराकडे टीकाकाराच्या दृष्टीनें एकदां पाहावें असें वाटूं लागलें. तो वाङ्मयप्रकार आहे असें म्हटल्यानें कांहीं वाचक हंसतील. परंतु सामान्यज्ञानाच्या पुस्तकांइतकीं दुसरीं कोणतीं पुस्तकें आजचा तरुण इतक्या निष्ठेनें व इतक्या वेळां वाचीत असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. आतां तर तीं मोबाइलच्या पडद्यावर आलीं आहेत आणि प्रवासांत, दुकानांत, रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या लोक एकमेकांशीं या प्रश्नांची स्पर्धा लावतात. अशा प्रकाराच्या भाषेची चिकित्सा होऊं नये याचें आश्चर्य वाटतें. कादंबरींतलें वाक्य सैल असलें तर वाचक जांभई देतो. प्रश्नांतलें वाक्य सैल असलें तर कोणाचा तरी गुण जातो.

मान्य उत्तरावर हरकत घेणाऱ्याला आपल्याकडे 'कीस काढणारा' म्हणतात, आणि जरा संस्कृत बोलावयाचें असलें तर 'शब्दच्छल करणारा' म्हणतात. हा दुसरा शब्द फार जपून वापरला पाहिजे. गौतमाच्या न्यायसूत्रांत छलाचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाक्छल, सामान्यच्छल आणि उपचारच्छल. पहिल्याचें परंपरागत उदाहरण 'नवकंबल' या शब्दाचें आहे. बोलणाऱ्याला 'नवें कांबळें पांघरलेला' असें म्हणावयाचें असतें. प्रतिपक्षी विचारतो, याच्याजवळ नऊ कांबळीं कोठें आहेत? तिसऱ्याचें उदाहरण 'माळे ओरडतात' हें आहे. जोंधळ्याच्या शेतांतील माळ्यावर बसून पांखरें हांकणाऱ्यांचा तो ओरडा असतो, हें ठाऊक असूनहि लांकडाला तोंड कोठून आलें असें विचारणें हा उपचारच्छल. या सर्वांतील वर्म एकच आहे. छल करणारा बोलणाऱ्याचा अभिप्राय ओळखतो आणि ओळखून तो सोडतो.

या कसोटीला लावून पाहिलें तर हरकतींची निवड करणें अवघड नाहीं. सूर्य कोणत्या दिशेस उगवतो या प्रश्नावर, सूर्य उगवत नसून पृथ्वीच फिरते अशी जो हरकत घेतो त्याला खुशाल छली म्हणावें. शिवनेरी कोणत्या जिल्ह्यांत आहे असें विचारल्यावर, निजामशाहींत जिल्हेच नव्हते असें जो सांगतो तोहि त्याच पंक्तींतला. पण पारगांवच्या मुलीनें कोणाचा अभिप्राय सोडला? पारगांव या शब्दाचा तिनें जो अर्थ घेतला तो सरळ, पहिला आणि तिच्यापुरता एकमेव अर्थ होता. आमचा अभिप्राय कारखान्याच्या पारगांवचा होता खरा, पण तो आमच्या डोक्यांत होता, प्रश्नांत नव्हता. वाचणाऱ्यानें आमच्या डोक्यांतलें वाचावें अशी अपेक्षा करणें हाच उलट एक छल नव्हे काय? न्यायशास्त्रानें त्याला नांव दिलेलें नाहीं. बहुधा वादसभेंत प्रश्न विचारणारा समोरच बसलेला असे व त्याला पुन्हां विचारतां येई, म्हणून. यंत्राला पुन्हां विचारतां येत नाहीं.

जुन्नर तालुक्यांतलेंच आणखी एक उदाहरण घेऊं. मीटरभर लांबीच्या रेडिओलहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण, जिला जी. एम. आर. टी. म्हणतात, ती कोठें आहे? पुस्तकांतून कोठें 'नारायणगांव' हें उत्तर आढळतें, कोठें 'खोडद', कोठें नुसतें 'पुणें'. तिन्ही उत्तरें देणारे आपापल्या उत्तराचा आग्रह धरतात. वस्तुस्थिति अशी आहे कीं ही दुर्बीण एक वस्तूच नव्हे. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ती झालेली आहे. त्यांतील १४ खोडदजवळच्या सुमारें एक किलोमीटरच्या आवारांत आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय या अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर पसरलेल्या आहेत. तिचा सारा पसारा सुमारें पंचवीस किलोमीटरांचा आहे. पसारा हाच तिचा गुण. तबकड्या जितक्या दूर तितकें आकाशांतलें चित्र रेखीव. तेव्हां 'कोठें' या शब्दाला येथें एका गांवाचें उत्तर मागणें म्हणजे त्या यंत्राचें मर्मच न समजणें होय. दुर्बिणीचें मुख्य आवार कोणत्या गांवाजवळ आहे असें विचारलें असतें तर 'खोडद' हें एकच उत्तर उरलें असतें आणि भांडणहि उरलें नसतें. दोनच शब्दांचा खर्च होता.

आमच्या विषयाकडे, म्हणजे साहित्याकडे, वळलें तर घोटाळा अधिक गमतीचा होतो. 'नटसम्राट' हें नाटक कोणाचें? उत्तर टंकून द्यावयाच्या एका स्पर्धेंत कोणीं तरी 'कुसुमाग्रज' असें लिहिलें आणि यंत्रानें तें फेटाळलें, कारण तालिकेंत 'वि. वा. शिरवाडकर' होतें. या हरकतीवर आमच्या मित्रमंडळांत दोन तट पडले. एक तट म्हणाला, माणूस एकच, तेव्हां उत्तर बरोबर. दुसरा म्हणाला, कविता कुसुमाग्रजांची आणि नाटक शिरवाडकरांचें ही वांटणी लेखकानें स्वतः केलेली आहे, ती आपण कां मोडावी? आम्हांस दुसऱ्या तटाचें म्हणणें रसिकतेच्या दृष्टीनें पटतें. राम गणेश गडकऱ्यांनींहि नाटकाला स्वतःचें नांव, कवितेला गोविंदाग्रज आणि विनोदाला बाळकराम अशीं तीन दालनें ठेवलीं होतीं, आणि त्या तिघांचे स्वभाव खरोखर वेगळे आहेत. पण गुण द्यावयाचा प्रश्न आला कीं आमचें मत पहिल्या तटाकडे जातें. प्रश्नांत 'कोणाचें' असें विचारलें आहे, 'कोणत्या नांवानें प्रसिद्ध झालें' असें विचारलेलें नाहीं. परीक्षकाला रसिकता दाखवावयाची हौस असेल तर त्यानें ती प्रश्नांत दाखवावी, उत्तर तपासतांना दाखवूं नये. शिवाय त्या यंत्रानें हा सूक्ष्म विचार केला होता अशी कोणीहि समजूत करून घेऊं नये. त्यानें अक्षरें ताडून पाहिलीं, 'वि.वा.' मधील टिंबानंतरची मोकळी जागा राहून गेली असती तरी त्यानें तितक्याच निर्विकारपणें नकार दिला असता.

प्रश्नमंजूषेंतला सर्वांत भांडखोर शब्द मात्र 'पहिला' हा होय. पहिला भारतीय चित्रपट कोणता? 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३, असें मान्य उत्तर आहे. पण दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजीं, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधीं, मुंबईंतल्या त्याच कॉरोनेशन चित्रगृहांत दाखविला गेला होता. त्यावर फाळक्यांच्या बाजूचे लोक सांगतात कीं तें रंगभूमीवरील नाटकाचें चित्रण होतें, आणि त्याच्या फितीवरील प्रक्रिया लंडनला झाली होती. हें खरें आहे. आणि म्हणूनच वाद चित्रपटांविषयीं नसून 'चित्रपट' या शब्दाविषयीं आहे. शब्दाची व्याख्या द्यावी, मग पहिलेपण आपोआप ठरेल. मराठींतला पहिला शिलालेख श्रवणबेळगोळचा, हें आम्ही विद्यार्थी असतांना घोकलें. पुढें तुळपुळ्यांनीं अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखाचा काल शके ९३४ असा वाचला, आणि श्रवणबेळगोळच्या दोन ओळींतील एक तर शंभरावर वर्षें मागाहूनची आहे असें दिसून आलें. कांहीं पुस्तकांतून उत्तर बदललें आहे, कांहींतून अजून तेंच आहे. दोन वेगळीं पुस्तकें वाचलेले दोन विद्यार्थी एकाच बांकावर बसतात आणि त्यांतल्या एकाचा गुण जातो. ग्रह किती, या प्रश्नाचें उत्तर २००६ सालच्या ऑगस्टमध्यें ज्योतिर्विदांच्या परिषदेनें नवावरून आठावर आणलें तेव्हां जगभर त्याची बातमी तरी झाली. आक्षीच्या धोंड्याला बातमी कोण देतो?

उत्तरें कशीं बदलतात आणि कशीं बदलावींत याचा सर्वांत मोठा धडा पारगांवच्या मुलीच्या तालुक्यांतच घडलेला आहे. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर झाला यावर सर्वांचें एकमत. तो केव्हां झाला यावर शंभर वर्षें वाद चालला. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासांत १६२७ हें वर्ष आहे, बखरींच्या परंपरेंत वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ ही तिथि आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून तेंच शिकविलें गेलें. लोकमान्य टिळकांनीं १९०० सालीं 'केसरी'तून या प्रश्नाची चर्चा केली. पुढें जेधे यांच्या घराण्यांतील शकावली टिळकांच्या हातीं आली आणि १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध झाली. तींत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ अशी नोंद निघाली. दिवेकरांनीं १९२७ सालीं छापून काढलेल्या परमानंदाच्या 'शिवभारता'नें तिला दुजोरा दिला. तरीहि वाद मिटला नाहीं. १९६६ सालीं शासनानें इतिहासकारांची समिति नेमली, तींत एकमत होईना, आणि अखेर २००१ सालीं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनानें स्वीकारली.

आतां कल्पना करावी कीं १९१० सालच्या एखाद्या परीक्षेंत कोणा मुलानें १६३० असें लिहिलें. त्याला शून्य मिळालें असतें, आणि तें देणारा परीक्षक बेइमान ठरला नसता. पण जेधे शकावली समोर आल्यावरहि जो परीक्षक शून्यच देत राहिला, त्याच्याविषयीं तसें म्हणतां येणार नाहीं. आणि आजच्या मान्य उत्तरालाहि एक सूक्ष्म हरकत आहेच. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्यूलियन पंचांगाची आहे; इंग्रजांनीं नवें पंचांग १७५२ सालीं घेतलें. आज आपण ज्या ग्रेगोरियन पद्धतीनें तारखा मोजतों तीप्रमाणें तो दिवस १ मार्च १६३० येतो. वार दोन्हींकडे शुक्रवारच. एखाद्यानें '१ मार्च' असें उत्तर टंकलें तर यंत्र त्याला मूर्ख ठरवील, आणि तो कदाचित् सर्व स्पर्धकांत अधिक वाचलेला असेल.

यावर उलट असें विचारतील कीं अशा रीतीनें प्रत्येक हरकतीचा विचार करीत बसलें तर निकाल लागावयाचे केव्हां? हा आक्षेप आम्ही हलका समजत नाहीं. प्रश्नमंजूषा करमणुकीची असते, परंतु तिचींच भावंडें असलेल्या स्पर्धापरीक्षा करमणुकीच्या नाहींत. जुन्नर-आंबेगांवकडचीं किती तरी मुलें पुण्याच्या सदाशिव पेठेंतल्या अभ्यासिकांत वर्षें काढतात, आणि एका गुणाच्या अंतरानें त्यांचें आणखी एक वर्ष जातें. महाराष्ट्र लोकसेवा आयोग प्रथम एक उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, पुराव्यासह हरकती मागवितो आणि मग अंतिम तालिका काढतो. हें योग्यच आहे. कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या १९८३ च्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं तालिकेंतलें उत्तर बरोबर धरून चालावें, तें चूक असल्याचें स्पष्ट दाखवून दिल्यावांचून तें बदलूं नये. पण त्याच खटल्यांत प्रमाणग्रंथांशीं ताडून पाहतां विद्यापीठाचीं उत्तरें चूक ठरलीं व विद्यार्थ्यांच्या बाजूनें निकाल लागला. पुढें रणविजय सिंह यांच्या खटल्यांत २०१७ च्या डिसेंबरांत न्यायालयानें अधिक कडक भूमिका घेतली: संशय उरला तर त्याचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळावा. कोठें तरी थांबावें लागतें म्हणून न्यायालय असें म्हणतें, आणि न्यायालयानें तसें म्हणणें आम्हांस समजतें.

परंतु येथें दोन गोष्टींची गल्लत होते. निकाल अंतिम असूं शकतो. उत्तर अंतिम असण्याचें कारण नाहीं. बक्षीस परत मागवूं नये, यादी फिरवूं नये, हें व्यवहाराला धरून आहे. पण त्यासाठीं चुकीचें उत्तर पुढच्या वर्षींच्या पुस्तकांत जसेंच्या तसें कां छापावें? आमची तक्रार तालिकांच्या चुकांविषयीं नाहींच. चुका आम्हींहि केल्या. तक्रार त्यांच्या मौनाविषयीं आहे. अंतिम तालिकेंत उत्तर बदललेलें दिसतें, प्रश्न रद्द झालेला दिसतो. कां, तें दिसत नाहीं. ज्याचें उत्तर मूळचें बरोबर होतें त्याचा गुणहि रद्द झालेल्या प्रश्नाबरोबर जातो, आणि आपण काय चुकलों याचा शोध तो बिचारा उगीचच घेत बसतो. जेधे शकावलीचा वाद शंभर वर्षें चालला, पण त्यांत प्रत्येक पक्षानें आपला कागद टेबलावर ठेवला होता. प्रश्नमंजूषा काढणाऱ्यानें उत्तरामागें एक ओळ जोडावी: हें कोठून घेतलें, केव्हांचें आहे, आणि कोणत्या अर्थानें. त्या एका ओळीनें निम्म्या हरकती जन्मासच येणार नाहींत. आणि उरलेल्या निम्म्यांतील छल कोणता व हक्क कोणता हें हरकत घेणाऱ्यालाच कळून येईल.

पारगांवच्या मुलीला आम्हीं दुसरें पत्र लिहिलें आणि चूक आमची असल्याचें कबूल केलें. संस्थेलाहि तसें कळविलें. बक्षीस ज्याला मिळालें होतें त्याच्याकडेच राहिलें, क्रमांकहि तेच राहिले. निकालाच्या पानाखालीं मात्र त्या प्रश्नाचीं तीन उत्तरें बरोबर असल्याची एक ओळ संस्थेनें घातली. यंदा प्रश्न काढण्याचें आमंत्रण पुन्हां आलें तेव्हां प्रत्येक उत्तरामागें आधाराची ओळ छापण्याची अट आम्हीं घातली व ती मान्य झाली. पारगांवचा प्रश्नहि आम्हीं नव्यानें लिहिला: जुन्नर तालुक्यांतील पारगांव हें पूर्वीं कोणत्या तर्फेंत मोडत असे? उत्तर, आळे, आधार, सातबारा. प्रसिद्ध करण्यापूर्वीं एकवार पाहावा म्हणून तो त्या मुलीकडे पाठविला. तिचें उत्तर त्याच संध्याकाळीं आलें. जुन्नर तालुक्यांत 'पारगांव तर्फे मढ' या नांवाचेंहि एक गांव आहे, असें तिनें कळविलें होतें.

प्रश्न आम्हीं मागें घेतला आहे.